बोळ रुंद करू नका, सजवूही नका: नगररचना आणि रस्ते खात्यांना खुलं पत्र

प्रति,
मोठ्या शहरांच्या नगररचना आणि रस्ते खात्यातले सगळे अधिकारी, इंजिनीअर, आणि ज्यांच्या एका सहीने नकाशावरची रेघ इकडची तिकडे होते ते सगळे,

नमस्कार.

मी इंजिनीअर नाही, इतिहासाची प्राध्यापकही नाही. गेली अकरा वर्षं एका मोठ्या शहरातल्या एका जुन्या बोळातून रोज जाते-येते, माझा अधिकार एवढाच. शहराचं आणि बोळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईलच. गेल्या महिन्यात त्या बोळातल्या भिंतींवर लाल रंगाने बाण आणि आकडे आले. कोणी म्हणालं रुंदीकरण आहे, कोणी म्हणालं सुशोभीकरण आहे, मी विचारायला गेले तर या टेबलावरून त्या टेबलावर, आणि शेवटी एकच उत्तर की अजून फायनल नाहीये. मग फायनल व्हायच्या आतच लिहिते.

तो बोळ मला सापडला त्या दिवसाबद्दल आधी सांगू द्या. दोन वर्षं मी त्याच्या तोंडावरून रोज जात होते आणि तो दिसलाच नव्हता. दोन उंच बिल्डिंगांच्या मधे एक फट, वर वायरींचं जाळं, बाजूला मीटरचे बॉक्स, कोणालाही वाटेल की आत फक्त गटार असणार. एकदा मुसळधार पाऊस, मेन रोड तुंबलेला, आणि डोक्यावर खोकं घेतलेला एक माणूस काही न बघता सरळ त्या फटीत शिरला. मी त्याच्या मागे गेले. वीसेक पावलांत ट्रॅफिकचा आवाज कोणीतरी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. पायाखाली झिजलेली दगडी फरशी, मधोमध पाणी वाहून न्यायला उथळ पन्हळ, दोन्ही बाजूंना उंच जोत्याची घरं, वरचे मजले थोडे पुढे आलेले त्यामुळे पाऊस असून मी जवळजवळ कोरडी. बोळ एकदा डावीकडे वळला, मग उजवीकडे, एका छोट्या चौकात उघडला, परत अरुंद झाला आणि मला थेट स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर काढून दिलं. वीस मिनिटांचा वळसा सहा मिनिटांत संपला होता.

त्यानंतर मी रोज तिथूनच जायला लागले आणि हळूहळू बोळ वाचायला शिकले. वळणावरच्या घराच्या कोपऱ्याला गुडघ्याएवढा एक गोल दगड पुरलेला आहे, आधी वाटलं कोणी बसायला ठेवलाय, मग कळलं की गाडीच्या चाकाचा आस भिंतीला घासू नये म्हणून तो आहे, म्हणजे इथून एकेकाळी मालाच्या गाड्या जात होत्या. त्याच घराचा कोपरा खालून माणसाच्या उंचीच्या जरा वरपर्यंत तासलेला आहे आणि त्याच्या वर परत काटकोनात, कारण वळताना जागा लागते ती खाली, वरती नाही. एवढा विचार करून कोणीतरी तो कोपरा घडवला! एका भिंतीत विटांनी बुजवलेली दाराची कमान दिसते, तिच्या विटा बाकीच्यांपेक्षा बारीक आहेत. एक पायरी मधेच खोलगट झालीय, तीसुद्धा फक्त उजव्या बाजूला, म्हणजे लोक कुठल्या दिशेने वळत होते तेही तिच्यावर उमटलंय. बोळ वाकडा का, तर बहुतेक वेळा जुन्या ओढ्याची वाट, जमिनीची जुनी हद्द किंवा आधीच उभं असलेलं घर, यातलं काहीतरी त्याच्या आड आलेलं असतं. सरळ रेघ कागदावर काढता येते, बोळ मात्र माणसांनी एकमेकांना जागा देत देत तयार झालेला असतो.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा, कारण तो खोटा नाहीये आणि मला तो टाळायचा नाही. आग. १६६६ मध्ये लंडन जळलं ते पुडिंग लेन नावाच्या एका अरुंद गल्लीतून सुरू झालं, आणि त्यानंतर पुन्हा बांधताना घरं विटांची किंवा दगडाची हवीत आणि चालू वापरातल्या अरुंद वाटा १४ फुटांपर्यंत रुंद कराव्यात असे नियम आले. डिसेंबर २००२ मध्ये एडिनबरोच्या जुन्या शहरात काउगेट भागात आग लागली तेव्हा एकमेकांना चिकटलेल्या, एकावर एक चढलेल्या इमारतींमधून ती पसरत गेली आणि विझवायला प्रचंड त्रास झाला. हे मी विसरत नाही. रात्री झोपताना त्या बोळातल्या लोकांनाही ही भीती असते, मी त्यांच्याकडूनच ऐकलंय. पण भीतीवर उत्तर फक्त रुंदी नाही ना? बोळाच्या दोन्ही तोंडांना हायड्रंट बसवता येतात, भिंतीच्या कडेने कोरडा पाइप (एरवी रिकामा, आग लागली की बंबाने त्यात पाणी सोडायचं) टाकून आतपर्यंत पाणी नेता येतं, लहान फायर गाड्या आणि मोटरसायकली असतात, जुन्या लटकत्या वायरी काढून नीट केबल टाकता येते, घराघरात धुराचे अलार्म लावता येतात. आणि मुख्य म्हणजे लंडनमध्येसुद्धा एवढ्या आगीनंतर जुन्या वाटांचा आराखडा बऱ्यापैकी तसाच राहिला, क्रिस्टोफर रेन या आर्किटेक्टने सरळ रुंद रस्त्यांचा नवा प्लॅन दिला होता तो झालाच नाही, कारण जमिनीच्या हद्दी लोकांच्या होत्या आणि लोकांना लवकरात लवकर परत घरात जायचं होतं. जर्मनीतल्या रॉइटलिंगन गावात तर १७२६ च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा बांधताना जी फट राहिली ती आज जगातली सगळ्यात अरुंद गल्ली म्हणून ओळखली जाते, सगळ्यात निमुळत्या जागी ३१ सेंटिमीटर.

रुंदीकरणाने नेमकं काय होतं ते मी शेजारच्या भागात डोळ्यांनी बघितलंय. दोन्ही बाजूंची घरं पुढून पाच-पाच फूट कापली. जुन्या घरात पुढची भिंत ही नुसती भिंत नसते, वरच्या मजल्याच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या असतात, ती कापली की मागचं सगळं हलतं, मग 'धोकादायक' बोर्ड लागतो, मग घर रिकामं, मग पाडापाडी. आणि मिळालेल्या रुंदीत काय आलं, तर पहिल्याच आठवड्यात दोन्ही कडेला पार्किंग. फायर इंजिनाला जागा परत नाहीच. सावली गेली ती वेगळी. उंच भिंती आणि अरुंद वाट असली की ऊन तळापर्यंत दुपारी थोडाच वेळ पोचतं, उष्ण भागातली जुनी शहरं उगाच तशी बांधलेली नाहीत, मोरोक्कोतल्या फेज शहराचा जुना भाग बघा, तिथं आजही गाड्या शिरत नाहीत, माल गाढवांवर आणि खेचरांवर जातो आणि १९८१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तापमान दरवर्षी चढतंय अशा काळात आयती सावली पाडून टाकणं मला तरी समजत नाही.

यावर दुसरा रस्ता आहे आणि तो शंभर वर्षांपूर्वीच दाखवून झालाय. पॅट्रिक गेडीस, स्कॉटलंडचा नगररचनाकार. १८८६ मध्ये हा माणूस बायकोला घेऊन एडिनबरोच्या जुन्या शहरात, जेम्स कोर्टमध्ये, पडक्या आणि गर्दीच्या वस्तीत जाऊन राहिला. तिथं राहून घरं साफ केली, रंगवली, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. १९१४ मध्ये तो भारतात आला, पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं, आणि इथल्या कितीतरी शहरांसाठी अहवाल लिहिले. त्याची पद्धत सोपी होती पण कष्टाची होती, आधी नकाशा हातात धरून प्रत्येक गल्ली पायी फिरायची, मग जे घर खरंच मोडकळीला आलंय तेवढंच काढायचं, त्या जागी छोटा चौक, एखादं झाड, थोडा उजेड आणि हवा, बाकीचं तसंच. सरसकट रस्ता काढण्यापेक्षा हे कमी खर्चात होतं आणि माणसं बेघर होत नाहीत, हे तो सारखा सांगत राहिला. या पद्धतीला त्याने नावच ऑपरेशनवरून दिलं होतं, जपून केलेली शस्त्रक्रिया. माझी विनंती आहे की लाल रंगाचा डबा घेऊन माणूस पाठवायच्या आधी तुमच्यापैकी कोणीतरी असं फिरावं, सलग चार-पाच दिवस, सकाळी एकदा, रात्री एकदा आणि पावसात एकदा.

आता सुशोभीकरण. याला मी रुंदीकरणाइतकंच घाबरते, कारण याला कोणी विरोध करत नाही. सगळ्यांना वाटतं चांगलंच करतायत. जुनी फरशी उखडून तिथं पेव्हर ब्लॉक, भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, सगळ्या घरांना एकच पिवळा रंग, नक्षीदार खांबावर पांढराफट्ट दिवा आणि तोंडाशी मोठी कमान. जुनी भिंत चुन्यातली असते, ती जमिनीतला ओलावा ओढते आणि हळूहळू बाहेर सोडते. तिला सिमेंटचा कोट चढवला की ओल आत अडकते, वर चढते, क्षार फुलतात, दोन-तीन वर्षांत प्लास्टरसकट दगडाचे पोपडे पडतात, आणि मग परत बोर्ड लागतो की भिंत धोकादायक. चुन्याच्या भिंतीला चुनाच पाहिजे, काम हळू होतं, वाळायला वेळ लागतो, पण ते टिकतं.

त्याहून मोठा प्रश्न लेव्हलचा. हा मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक वेळी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला जातो, चार इंच, परत चार इंच. माझ्या बोळात एका घराचा उंबरा आज जवळजवळ रस्त्याला टेकलाय. एकेकाळी तिथं तीन पायऱ्या चढून जायला लागायचं, त्यातली एक आता अर्धी दिसते, दोन पुरल्या गेल्यात. त्या घरातल्या आजी पावसाळ्यात दाराला फळी लावतात आणि फटीत चिंध्या कोंबतात. पूर्वी तिथंही पाणी मधल्या पन्हळीतून वाहून जायचं, आता तिथं मधला भाग उंच आणि कडा खोल, म्हणजे सगळं पाणी घरांच्या पायात. बजेट लागेल ते खाली खणायला लावा. जुन्या फरशीच्या लेव्हलपर्यंत उतरा, दगड बहुतेक जागेवरच सापडतील, त्यांच्यावर नंबर टाकून उचला, खालचा पाइप बदला आणि त्याच क्रमाने परत बसवा. हे एवढं एक काम केलंत आणि बाकी काहीही केलं नाहीत तरी बोळ अजून खूप वर्षं जगेल.

आणि वाट चालू ठेवा. माझ्या बोळाला पूर्वी चार तोंडं होती असं जुने रहिवासी सांगतात, आता दोन आहेत. एकाला कोणीतरी रात्रीपुरतं म्हणून गेट लावलं, मग ते दिवसाही बंद राहायला लागलं, मग त्याच्या मागे सामान रचलं गेलं, मग पत्र्याची शेड आली. तुमच्या नकाशात ती वाट नाहीच, त्यामुळे तक्रार कशाच्या आधारावर करायची? म्हणून मागणी अशी की आधी सगळ्या बोळांची पायी फिरून नोंद करा, नकाशावर आणा, आणि ज्या वाटेने लोक पिढ्यानपिढ्या जातायत ती सार्वजनिक वाट आहे असं लिहून ठेवा. ज्या बोळातून लोक ये-जा करत नाहीत तो सहा महिन्यांत कचराकुंडी होतो, हे सांगायला कुठला सर्व्हे लागत नाही.

उलटही होतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं उदाहरण मला फार आवडतं. १८३७ मध्ये तिथं रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरने ९९ फूट रुंदीचे मोठे रस्ते आणि त्यांच्या मधे ३३ फुटांचे छोटे रस्ते आखले, मग मालकांनी प्लॉट तोडत तोडत मागून यायला आणखी बारीक गल्ल्या काढल्या, माल उतरवायला आणि मैला न्यायला. कितीतरी काळ त्या नुसत्या शहराच्या पाठीमागच्या घाणेरड्या जागा होत्या. १९९० च्या दशकात शहराने ठरवलं की या चालण्याच्या वाटा आहेत, छोट्या जागांना दारूचं लायसन्स मिळणंही सोपं झालं, दारं गल्लीकडे उघडायला लागली आणि आज लोक ते शहर बघायला जातात ते या गल्ल्यांसाठी.

पण इथेच मला दुसरी भीतीही सांगायची आहे आणि त्यात माझी चूक आहे. तीन वर्षांपूर्वी मी त्या चौकाचा एक फोटो लोकेशनसकट टाकला. सकाळचं ऊन वरच्या खिडकीवर, खाली उघडं दार, दारात आजींची खुर्ची. खूप लोकांना आवडला. महिन्याभरात शनिवार-रविवारी वीस-वीसचे ग्रुप यायला लागले, कोणी पायऱ्यांवर बसून कपडे बदलतंय, कोणी खिडकीतून आत मोबाइल धरतंय. आजींनी खुर्ची आत घेतली. नंतर दारही बंद ठेवायला लागल्या. मी फोटो काढून टाकला, त्यांना भेटून माफी मागितली, त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात धरला. ते दार पुढे बरेच महिने बंदच होतं. म्हणून नाव लिहीत नाही.

हे सगळीकडे झालंय. पॅरिसमधल्या रू क्रेमियू नावाच्या रंगीत घरांच्या छोट्या रस्त्यावरच्या लोकांनी २०१९ मध्ये शहराकडे मागणी केली की संध्याकाळी आणि वीकेंडला आम्हाला गेट लावू द्या. बीजिंगमधल्या नानलोगूशियांग या जुन्या हूतोंग गल्लीने २०१६ मध्ये टूर ग्रुप घेणंच बंद केलं, इतकी गर्दी वाढली होती. एडिनबरोचा मेरी किंग्ज क्लोज नावाचा बोळ तर अजून वेगळा, १७५३ पासून रॉयल एक्सचेंजची इमारत बांधताना तो खाली गाडला गेला, २००३ पासून तिकीट काढून लोक तो बघतात. छान जपलाय, मी नाव ठेवत नाही, पण तिथं आता कोणाचं घर नाही. माझ्या बोळाचं असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मग दार उघडं कसं ठेवायचं आणि आतल्या माणसाला त्रास कसा होऊ द्यायचा नाही? फ्रान्समधल्या ल्यों शहराने याचं उत्तर शोधलंय आणि पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी हाच मानते. तिथं त्राबूल म्हणतात अशा वाटांना, इमारतींच्या पोटातून, अंगणातून, जिन्याखालून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जाणाऱ्या. रेशीम विणणारे कामगार त्यांतून पावसात कापड न भिजवता नेत, १८३१ च्या त्यांच्या उठावात आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात नाझींचा प्रतिकार करणाऱ्यांनाही या वाटा उपयोगी पडल्या. जुना भाग पाडून रस्ता काढायचा विचार तिथंही झाला होता. रहिवाशांनी विरोध केला, १९६२ मध्ये जुन्या वस्त्या जपायचा कायदा आला आणि १९६४ मध्ये त्या कायद्याखाली देशातला पहिला संरक्षित भाग जुनं ल्योंच ठरला, १९९८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. आणि बऱ्याच त्राबूल खासगी मालकीच्या असल्यामुळे शहराने रहिवाशांशी करार केले: तुम्ही दिवसा दार उघडं ठेवा, दिवे, साफसफाई आणि दुरुस्तीच्या खर्चाला आम्ही हातभार लावतो. लोक अजून तिथंच राहतात. दारावर आवाज करू नका अशी पाटी असते आणि फिरणारे हळू बोलतात. असा करार करायला कमान, खांब, लाइट शो यातलं काहीच लागत नाही, रहिवाशांबरोबर एक टेबल लागतं.

तसंच अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एल्फ्रेथ्स ॲली नावाची गल्ली आहे, १७२८ ते १८३६ या काळात बांधलेली ३२ घरं, पाडापाडीची वेळ आली तेव्हा १९३४ मध्ये लोकांनी संस्था काढली, नंतर हायवेच्या प्लॅनशीही झगडले. म्युझियम फक्त दोन घरांत, बाकीच्यांत लोक राहतात. मला हे प्रमाण फार योग्य वाटतं.

जाता जाता, जुन्या गल्ल्या शोधत फिरणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांनाही एक सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. दोघं-तिघं जा, आवाज खाली ठेवा, उघडं दार म्हणजे आमंत्रण नाही, कोणी समोर आलं तर आधी तुम्ही बोला आणि मग कॅमेरा काढा, आणि लोकेशन टाकू नका. जिथं वाट अडवलेली दिसेल, पुरलेली पायरी दिसेल, ओल चढलेली दिसेल तिथं तारीख घालून फोटो काढा आणि खात्याला पाठवा. आपल्या फिरण्याचा काही उपयोग असेल तर हा.

तर साहेब आणि मॅडम, माझ्या बोळातले लाल आकडे मी उतरवून घेतलेत, एकूण सतरा आहेत, त्यातला नववा त्या तासलेल्या कोपऱ्यावर आहे आणि अकरावा आजींच्या दाराशेजारी. नवव्याच्या खाली गोल दगड आहे, तो कामगारांना नुसता अडथळा वाटेल, म्हणून आधीच कळवतेय. प्लॅन फायनल करायच्या आधी एकदा या. गाडी मेन रोडलाच सोडायला लागेल. सकाळी सात-साडेसातला या, त्या वेळी स्टेशनकडे जाणारी सगळी माणसं तिथूनच जात असतात आणि किती लोकांची ती वाट आहे ते तुम्हाला मोजता येईल. आजी हल्ली सकाळी परत थोडा वेळ दार उघडतात. मी चौकात थांबते.

आपली,
त्या बोळातून रोज जाणारी एक